स्विचचा सातबारा कोणत्या भाषेत?

प्रश्न : लोटे एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यात मी नेटवर्क सांभाळतो. दोन कंपन्यांचे मिळून चाळीसेक स्विच आहेत. आजवर एकेका स्विचमध्ये शिरून हाताने कमांड देत आलो. आता सेटिंग प्रोग्रामने चालवायची आहेत आणि आमच्या सॉफ्टवेअरसाठी एपीआयही हवा आहे. कुणी यँग सुचवतं, कुणी ओपनएपीआय, कुणी प्रोटोबफ. काय निवडू?
— एक वाचक, लोटे (ता. खेड)

उत्तर : स्विचसाठी यँग, तुमच्या सॉफ्टवेअरच्या एपीआयसाठी ओपनएपीआय.

या भाषा म्हणजे कोरे नमुने. सातबारा डोळ्यांसमोर आणा. नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर ते असतं, बारामध्ये शेतात प्रत्यक्ष कोणतं पीक आहे ते. स्विचचंही तसंच. ‘पोर्ट चालू ठेव’ हा तुमचा हुकूम. केबल तुटल्यामुळे पोर्ट बंद आहे, ही पाहणी. कोणता रकाना हुकमाचा आणि कोणता पाहणीचा, हे यँगच्या नमुन्यातच लिहिलेलं असतं. शिवाय सातवरचा खाते क्रमांक जसा आठ-अ मध्ये सापडायला हवा, तसा पोर्टला दिलेला व्हीलॅन आधी यादीत हवा. हा नियम यँगमध्ये दोन-तीन ओळींत बसतो आणि चुकीची नोंद स्विचच नाकारतो.

ओपनएपीआय विनंती आणि उत्तराचा आकार सांगतो. रकान्यात आकडा हवा की अक्षरं, एवढं तो बघेल. तो आकडा दुसऱ्या यादीत आहे का, हे तुमच्या प्रोग्रामला तपासावं लागेल. गूगलने २००८ मध्ये खुला केलेला प्रोटोबफ आटोपशीर आणि वेगवान आहे, त्यामुळे स्विचकडून सतत येणारे आकडे गोळा करायला तो बरा.

यँग जन्मली तीही तुमच्यासारख्यांच्या तक्रारीतून. नेटवर्क सांभाळण्याचा एसएनएमपी हा प्रोटोकॉल १९८८ पासून होता. पण २००२ मध्ये इंटरनेटच्या मानककर्त्यांनी नेटवर्क चालवणाऱ्यांना बोलावून विचारलं, तेव्हा कळलं की ही मंडळी एसएनएमपी देखरेखीला वापरतात, सेटिंग बदलायला क्वचितच. मग २००६ मध्ये सेटिंग बदलण्यासाठी नेटकॉन्फ हा प्रोटोकॉल आला आणि २०१० मध्ये त्याचे नमुने लिहायला यँग. तिची १.१ ही आवृत्ती २०१६ ची, आरएफसी ७९५० मधली. माहिती एक्सएमएलमध्ये पाठवा की जेसनमध्ये, नमुना तोच राहतो.

खरं तर स्विचपुरती निवड तुमच्या हातात नाहीच; बनवणाऱ्याने आत जे घातलं तेच चालणार. नेटकॉन्फ सुरू करून पोर्ट ८३० वर जोडणी करा, म्हणजे आपल्याला काय येतं ते स्विचच सांगेल. एकाच स्विचमध्ये कधी तीन नमुने निघतात : कंपनीचा स्वतःचा, आयईटीएफ या मानकसंस्थेचा आणि नेटवर्क चालवणाऱ्यांच्या ओपनकॉन्फिग या गटाचा. तुमच्याकडे दोन कंपन्यांचा माल आहे, म्हणून दोन्हीकडे सापडणारा नमुना घ्या आणि एकच सेटिंग दोन नमुन्यांतून लिहू नका. जुन्या स्विचला यँग येत नसेल, तर त्याला तूर्त हातानेच सांभाळा. रिॲक्टरच्या तापमानाचे आकडे यात ओढू नका. त्यासाठी ओपीसी यूए हे कारखान्यातल्या यंत्रांचं वेगळं मानक आहे.

शेवटचं : नेटकॉन्फमध्ये ‘पुष्टी येईपर्यंत तात्पुरता बदल’ अशी सोय आहे. स्विचला ती येत असेल आणि तुम्ही पुष्टी दिली नाही, तर ठरावीक वेळ, म्हणजे एरवी ६०० सेकंद, उलटताच तो जुन्या सेटिंगवर परततो. ही सोय आधी कपाटातल्या सुट्या स्विचवर करून बघा, चालू प्लांटवर नाही.