हात कळफलकावरच राहू द्यावा

टंकलेखन यंत्रावर काम करणाऱ्याचे दोन्ही हात कळांवर स्थिर असत. संगणक आल्यावर उजव्या हातास आणखी एक काम लागले. शब्द ठळक करावयाचा असो वा परिच्छेद हलवावयाचा असो, कळफलक सोडून माऊसकडे जावयाचे आणि पुन्हा परतावयाचे. एखाद्या पत्रात ही ये-जा जाणवत नाही. ग्रामसभेचे दहा पानांचे इतिवृत्त लिहिताना ती मनगटास जाणवते.

या ये-जेचे मोजमाप झालेले आहे. कार्ड, मोरान व नेवेल या संशोधकांनी १९८० मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार सरावलेल्या टंकलेखकास एक कळ दाबण्यास ०.२ सेकंद, हात एका साधनावरून दुसऱ्यावर नेण्यास ०.४ सेकंद आणि पडद्यावरील जागी बाण नेण्यास सुमारे १.१ सेकंद लागतात. या हिशेबाने निवडलेला शब्द माऊसने ठळक करून हात परत आणण्यास दोन सेकंदांहून किंचित अधिक वेळ जातो. कंट्रोल व बी या कळांना ०.४ सेकंद पुरतात. मात्र त्याच संशोधनातील आणखी एक आकडा सहसा सांगितला जात नाही. मनाची तयारी होण्यास १.३५ सेकंद लागतात. कळ कोणती हे आठवत बसावे लागले, तर वाचलेला बहुतेक वेळ तेथेच खर्ची पडतो. म्हणून शंभर शॉर्टकटांचा तक्ता भिंतीवर लावण्यात अर्थ नाही. पाच-सहाच निवडावेत व बोटांना पाठ होईपर्यंत रोजच्या कामात वापरावेत.

पहिला मान कंट्रोल-एसचा. वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावी प्रत्येक परिच्छेदानंतर मजकूर जतन करण्याची ही सवय माऊसवर सोपविल्यास टिकत नाही. त्यानंतर चूक मागे घेणारी झेड, कापणारी एक्स, नक्कल करणारी सी व चिकटविणारी व्ही. या चार कळा खालच्या ओळीत शेजारी-शेजारी आहेत. ॲपलच्या १९८३ च्या लिसा संगणकावरही याच कामांस याच कळा होत्या. मजकूर निवडण्यासाठी शिफ्ट व बाणाची कळ दाबावी. सोबत कंट्रोल धरल्यास निवड शब्दाशब्दाने पुढे सरकते. हे न शिकल्यास इतर सर्व शिकूनही हात माऊसकडे जातोच.

मराठीसाठी निराळे पाठांतर लागत नाही. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक निवडला असता ज्या कळेने ‘म’ उमटतो, तीच कंट्रोलसह दाबल्यास नक्कल होते.

कंट्रोल-एच ही शब्द बदलणारी आज्ञा मात्र जपून वापरावी. मागील इतिवृत्त घेऊन त्यातील ‘मे’ सरसकट ‘जून’ केला, की ‘मेळावा’चा ‘जूनळावा’ होतो, आणि तो स्वाक्षरी झाल्यावरच सापडतो! पूर्ण शब्दच शोधण्याचा पर्याय आधी निवडावा.

तक्त्यातील रकान्याची रुंदी ओढून बदलणे, चित्र जागेवर बसविणे ही कामे माऊसनेच सोयीची होतात. दृष्टिहीन शिक्षक वा कर्मचारी यांना ही निवड नसते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेली एनव्हीडीए ही विनामूल्य आज्ञावली पडद्यावरील मजकूर वाचून दाखविते व मुख्यत्वे कळांवरच चालते. तेव्हा प्रशिक्षण वर्गात ‘येथे क्लिक करा’ एवढेच न सांगता कळही सांगितली, तर तोच पाठ त्यांनाही घेता येतो.