पावसाळ्यातील घरातील ओल आणि श्वसनाचे विकार : आर्द्रता-नियंत्रणाचा विचार

मृगाचा पाऊस स्थिरावला की कोकणातील घराघरांत ओलीशी झगडा सुरू होतो. भिंतींना ओल धरते, कपाटातील कपड्यांना कुबट वास येऊ लागतो, चामड्याच्या वहाणांवर बुरशीची पांढरी-हिरवी साय चढते आणि बरणीतील मीठ पाझरू लागते. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या पट्ट्यात या गोष्टी नित्याच्याच असल्याने त्यांचे कोणाला नवल वाटत नाही. तथापि याच चार महिन्यांत दमा, ॲलर्जीची सर्दी व जुनाट खोकला असलेल्या रुग्णांचा त्रास वाढतो आणि बाह्यरुग्ण विभागातून त्यांना ‘खोली कोरडी ठेवा’ असा सल्ला मिळतो. खोली कोरडी कशी ठेवावी, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. अलीकडे बाजारात हवेतील ओलावा काढून घेणारी डीह्युमिडिफायर यंत्रे सहज मिळू लागल्याने ‘असे यंत्र घ्यावे का’ हा प्रश्नही रुग्णांचे नातेवाईक विचारू लागले आहेत. त्यांच्यासाठी या विषयाची थोडी सविस्तर मांडणी येथे केली आहे.

प्रथम आर्द्रता म्हणजे काय, ते पाहू. हवा जितकी उष्ण, तितकी ती अधिक बाष्प सामावून घेऊ शकते. २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांच्या हवेत मात्र १७ ग्रॅमच. मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती टक्के आहे, ते प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. जुलैतील एखाद्या दिवशी बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दर घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी अदृश्य रूपात तरंगत असते. ही हवा २५ अंशांच्या किंचित वर असलेल्या पृष्ठभागाला टेकताच त्यावर दव धरू लागते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. ओलीच्या प्रश्नात नुसत्या टक्केवारीपेक्षा हा आकडा अधिक उपयोगी पडतो, कारण भिंत कोठे भिजेल आणि कोठे नाही, हे त्यावरून कळते.

आर्द्रता मोजल्याशिवाय ती आटोक्यात आणता येत नाही. सुदैवाने लहान डिजिटल आर्द्रतामापक आता घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बरोबर दाखवतो की नाही, हे पडताळण्याचे साधन प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. लहान वाटीत शुद्ध मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी त्यात घालावे. ही वाटी व मापक घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी शेजारी ठेवावेत आणि डबा सात-आठ तास उघडू नये. डब्यातील हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते. मापक जितका कमी-अधिक दाखवील तितकी त्याची चूक समजावी. उघडे मीठ पावसाळ्यात पाझरते तेही याच कारणाने. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या वर पाणी ओढून घेऊ लागते. खड्याच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याआधीच ओलावते. बरणीकडे पाहून ‘हवा ओली झाली’ असे म्हणणाऱ्या आजीचे निदान बव्हंशी बरोबरच असे.

ओलीचा श्वसनाशी काय संबंध आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये दम्याची तीव्रता, खोकला, घरघर व श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक आढळतात, असा निष्कर्ष त्यात आहे. बुरशीची सुरक्षित मर्यादा अमुक एक, असा आकडा मात्र संघटनेने दिला नाही; ओल व बुरशी होऊच न देणे हाच उपाय तिने सुचविला. या संबंधातील दुसरा घटक डोळ्यांना दिसत नाही. गादी, उशी व रजईत राहणारे, माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारे माइट नावाचे सूक्ष्म जीव पाणी पीत नाहीत, हवेतील बाष्प शोषूनच ते तगून राहतात. आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते सुकून मरतात. त्यांच्या विष्ठेतील प्रथिने दमा व ॲलर्जीचे एक प्रमुख कारण आहेत. भिंतीच्या पृष्ठभागाशी आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली की बुरशीला रुजण्यास पुरेसे होते. म्हणून घरातील आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी, असे सांगितले जाते. कोकणात पावसाळ्यात ६० टक्के साधले तरी ती मोठीच मजल होय.

आता ज्या सल्ल्याने घोटाळा होतो, त्याकडे वळू. ‘दारे-खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती राहू द्या, ओल जाईल’ असे आपण ऐकत आलो आहोत. थंड हवामानाच्या देशांत हा सल्ला योग्यच आहे. तेथे हिवाळ्यात बाहेरच्या हवेत बाष्प फारच थोडे असते आणि ती घरात येऊन तापली की कोरडी होते. आपल्याकडे डिसेंबरातही तो लागू पडतो. परंतु जुलैत बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. पावसात खिडकी उघडली की घर वाळत नाही, बाहेरच्या ओलीशी बरोबरी करते. वाऱ्याने अंगावरचा घाम सुकतो व बरे वाटते, त्यामुळे खोली कोरडी झाल्याचा भास होतो, इतकेच.

मग खिडक्या बंद कराव्यात काय? येथे रुग्णालयाला दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो. क्षयरोगाचे व विषाणूंचे कण बंद खोलीत साचून राहतात. २०२० नंतरच्या कोविडच्या साथीने हा धडा सर्वांनाच दिला. खोकणारा, निदान न झालेला रुग्ण जेथे बसतो ती प्रतीक्षा-खोली ओली राहिली तरी चालेल, पण ती उघडीच हवी. त्याबाबत तडजोड नसावी. घरात क्षयरोगाचा रुग्ण असेल व उपचार नुकतेच सुरू झाले असतील, तर तेथेही हाच नियम. याउलट ज्या घरात असा संसर्ग नाही, पण दम्याचे मूल किंवा वृद्ध आहे, तेथे निदान झोपण्याची एक खोली पावसाळ्यात बंद ठेवून कोरडी करणे हितकारक आहे. एकच सल्ला सर्वांना देता येत नाही, तो असा.

यंत्राचा विचार करण्याआधी घरात पाणी कोठून येते, ते शोधावे. फुटकी कौले, तुंबलेली पन्हळ, पश्चिमेच्या भिंतीवर बसणारी झड, जोत्यातून सच्छिद्र जांभ्यात चढणारे पाणी यांची दुरुस्ती वैशाखातच झाली पाहिजे. पूर्वी पश्चिमेकडे झावळ्यांचे झाप बांधत, ते उगीच नव्हे. घरात निर्माण होणारे बाष्पही कमी नसते. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळताना सुमारे १.६ किलो पाणी तयार होते, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरातून बावीस-तेवीस लिटर पाणी वाफेच्या रूपाने स्वयंपाकघरात मिसळते. स्वयंपाक करताना बाहेर हवा फेकणारा पंखा चालू ठेवला तर त्यातील बराच भाग निघून जातो. सर्वांत मोठा दोष मात्र घरात वाळत घातलेल्या कपड्यांचा आहे. धुण्याआधी व पिळून झाल्यावर कपडे वजन करून पाहावेत. जितका फरक, तितके लिटर पाणी खोलीतील हवेत जाणार. ते व्हरांड्यात किंवा पडवीत वाळावेत, रुग्ण झोपतो त्या खोलीत कधीही नाही.

बाळाचे दुपटे शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवण्याची जुनी रीत आहे. उष्णतेने सापेक्ष आर्द्रता घटते, हे तिच्यातील शास्त्र. २८ अंशांची ८५ टक्के आर्द्र हवा ३२ अंशांपर्यंत तापवली तर तीच हवा सुमारे ६७ टक्के आर्द्र ठरते. पण बंद खोलीत निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरू शकतो आणि धूर दम्याला सर्वथा अपायकारक. ही रीत सोडून द्यावी.

वातानुकूलन यंत्राने हे काम होते का? गंमत अशी की त्या यंत्राचा जन्मच आर्द्रतेपायी झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात कागद ओलाव्याने फुगून रंग एकमेकांवर नीट बसत नसत; त्यावर विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने थंड नळ्यांवरून हवा खेळवण्याची योजना आखली. आजचे घरगुती यंत्र मात्र आर्द्रता पाहत नाही, तापमान पाहते. पावसाळ्यातील रात्री खोली आधीच २६ अंशांवर असते. यंत्र थोड्याच वेळात थांबते, पंखा फिरत राहतो आणि थंड नळ्यांवर जमलेले पाणी पुन्हा हवेत मिसळते. खोली गार होते, पण दमटच राहते. कोणी तापमान २० अंशांवर नेले तर भिंती दवबिंदूखाली जातात, आणि दार उघडताच आलेली दमट हवा त्यांवर ओघळते. कपाटामागची भिंत काळी पडते ती बहुधा अशीच.

डीह्युमिडिफायरची रचना साधी आहे. पंखा खोलीतील हवा ओढून दवबिंदूखालील थंड नळ्यांवरून नेतो, पाणी ठिबकून टाकीत पडते आणि कोरडी हवा त्याच यंत्राच्या गरम नळ्यांवरून जाऊन परत खोलीत येते. खोली यामुळे थंड होत नाही, किंचित तापते.

त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, ते हिशेबाने ठरवावे. बारा फूट लांब-रुंद व दहा फूट उंच खोलीत सुमारे ४० घनमीटर हवा असते. २८ अंशांना ८५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर येण्यासाठी दर घनमीटरामागे ८ ग्रॅम, म्हणजे सर्व मिळून ३२० ग्रॅम पाणी काढावे लागते. हे काम क्षुल्लक आहे. पण फटींतून तासाला एकदा हवा बदलत असेल तर दिवसाला पावणेआठ लिटर काढावे लागतात. खिडकी उघडी राहून तासाला पाच वेळा बदलली तर सुमारे ३८ लिटर. म्हणजे खिडकी उघडी ठेवून यंत्र चालवणे म्हणजे समुद्र उपसणेच. पावणेआठ लिटर काढणारे साधारण यंत्र दिवसाला चारेक युनिट वीज घेते आणि सतत पेटलेल्या सुमारे पावणेचारशे वॉटच्या हीटरइतकी उष्णता खोलीत सोडते. त्यामुळे पंखा लागतोच. खरेदी करताना हेही पाहावे की कंपन्या यंत्राची क्षमता बहुधा ३० अंश व ८० टक्के आर्द्रतेला सांगतात. खोली ५५-६० टक्क्यांवर आली की तेच यंत्र त्याहून बरेच कमी पाणी काढते.

अमेरिकेच्या फ्लोरिडा, लुइझियाना यांसारख्या दमट राज्यांत सबंध घराला पुरणारे एकच यंत्र वातानुकूलनाच्या नळकांड्यांना जोडण्याची पद्धत आहे. आपल्याकडे स्लॅबच्या, नीट बंद होणाऱ्या सदनिकेत ते शक्य आहे. साडेसहाशे चौरस फुटांच्या घरात दोन तासांनी एकदा हवा बदलते असे धरले, तर बाहेरून येणारे सतराएक लिटर आणि स्वयंपाक, स्नान व श्वासोच्छ्वास यांचे आठ-दहा लिटर मिळून दिवसाला पंचवीस लिटरांच्या पुढे काम पडते. कौलारू घरात मात्र भिंत व कौले यांमधील फटींतून हवा सतत वाहते. तेथे संपूर्ण घरासाठी यंत्र बसवणे हा पैशांचा अपव्यय आहे. अशा घरात माळा असलेली एक खोली निवडावी, तिच्या फटी बुजवाव्यात आणि लहान यंत्र तेथेच वापरावे. दोन-तीन माणसे झोपत असतील तर खोली अगदी हवाबंद करू नये.

हेच गणित शस्त्रक्रियागृहात फार मोठे होते. एनएबीएचच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तेथील तापमान २१ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत हवी, तसेच तासाला किमान चार वेळा बाहेरची ताजी हवा आत आली पाहिजे. वीस फूट लांब-रुंद गृहात पावसाळ्यात एवढ्यासाठीच तासाला साडेपाच लिटरांच्या आसपास पाणी काढावे लागते. हवा ११-१२ अंशांपर्यंत थंड करून पुन्हा थोडी तापवावी लागते. वीज वाचवण्यासाठी हे तापवणे बंद केले की गृह एकतर अतिथंड होते किंवा दमट. निर्जंतुक केलेल्या साहित्याची वेष्टने दमटपणाने ओलावली तर ते निर्जंतुक मानता येत नाही. हा खर्च अहवालातील ताळेबंदात ‘वीज’ या एका शब्दात सामावतो, म्हणून त्याचा येथे उल्लेख केला.

रुग्णांच्या दृष्टीने एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. डीह्युमिडिफायर हे दम्याचे औषध नव्हे. कोक्रेनच्या २०१३ सालच्या समीक्षेत दम्याच्या रुग्णांना अशा यंत्रांमुळे ठोस वैद्यकीय लाभ झाल्याचे दिसून आले नाही. उपलब्ध अभ्यास मोजकेच होते आणि आपल्यासारख्या हवामानातील नव्हते, हे खरे. तथापि यंत्र आणले म्हणून इन्हेलर थांबवणे धोक्याचे आहे. पैसे दोहोंपैकी एकालाच पुरत असतील तर ते नियमित इन्हेलरवरच खर्च करावेत. तो इन्हेलर भुकटीचा असेल तर ओलीपासून जपावा. त्याच्या कॅप्सूल दमट हवेत मऊ पडतात, भुकटीच्या गुठळ्या होतात आणि औषध पूर्णपणे फुप्फुसात पोहोचत नाही. मूळ डबीचे झाकण घट्ट लावून ती न्हाणीघर व स्वयंपाकघर यांपासून दूर ठेवावी, आणि ऐनवेळीच कॅप्सूल बाहेर काढावी. रक्तशर्करा मोजण्याच्या पट्ट्यांनाही हेच लागू आहे.

यंत्राची टाकी रोज रिकामी करून घासावी. साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास अंडी घालतात. ते पाणी पिण्यास वापरू नये, लादी पुसण्यास चालेल. जाळी दर पंधरवड्यास धुवावी. नवरात्राच्या सुमारास वारे फिरतात व बाहेरच्या हवेतील बाष्प उतरू लागते. मापक एकदा घरात व एकदा अंगणात ठेवून पाहावे. अंगणातील हवा कोरडी दिसू लागली की यंत्र पुसून, वाळवून, झाकून ठेवावे आणि खिडक्या उघडाव्यात. गाद्या-उशांना त्याच आठवड्यात दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवावे.