गप्प मूल आणि छातीतील वेदना

निवासी डॉक्टर असताना, छातीत पू झाल्याने नळी घातलेल्या पाच वर्षांच्या एका मुलाविषयी मी केसपेपरवर ‘शांत आहे, तक्रार नाही’ असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशीच्या क्ष-किरण चित्रात त्याच्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटलेला दिसला. ते मूल शांत नव्हते. श्वास घेतला तरी दुखते म्हणून निश्चल पडून होते. ती नोंद मी आजवर विसरलेलो नाही.

अर्भकांना वेदना फारशी जाणवत नाही, हा समज वैद्यकात दीर्घकाळ टिकून होता. त्यास मोठा धक्का देणारे डॉ. कंवलजीत सिंह आनंद हे आपल्या इंदूरच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय. छातीची शस्त्रक्रिया झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना भुलीबरोबर फेंटानिल दिल्यास शरीरावरील ताण व नंतरची गुंतागुंत दोन्ही कमी होतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले.

आज मुलांच्या छातीतील पू दुर्बिणीद्वारे काढता येतो. परंतु जखम लहान म्हणून वेदनाही लहान, हे अनुमान खरे नाही. उपकरणे दोन बरगड्यांमधून जातात, तेथील मज्जातंतू दाबला जातो, आणि शस्त्रक्रिया संपली तरी नळी तेथेच राहते. मूल उथळ श्वास घेते, खोकला दाबते, स्राव साचतो.

येथे मज्जातंतूंचा ‘ब्लॉक’ उपयोगी पडतो. पाठीच्या कण्यालगतचा पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक जुना व परिणामकारक; मात्र सुई फुप्फुसावरणाच्या अगदी जवळ जाते. छातीच्या कडेचा सेरेटस प्लेन ब्लॉक २०१३ मध्ये, तर पाठीच्या स्नायूखालील इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोहोंत सोनोग्राफीवर पाहत स्नायूंच्या पदराखाली औषध सोडतात. मुलांत हे सारे पूर्ण भूल दिल्यावरच करणे सोयीचे. मात्र औषध किती पसरेल हे प्रत्येक मुलात सारखे नसते, आणि खांद्यात उमटणारी वेदना या ब्लॉकने सहसा शमत नाही.

मात्रा वजनावर ठरते. ब्युपिव्हॅकेन एकूण किलोमागे २.५ मिलिग्रॅमहून अधिक नको. म्हणजे १२ किलोच्या मुलास ३० मिलिग्रॅम, अर्थात ०.२५ टक्क्यांचे १२ मिली. शल्यचिकित्सकाने जखमेत टोचलेले औषधही याच हिशेबात धरावे. सहा महिन्यांखालील बाळांच्या रक्तात औषध बांधून ठेवणारे प्रथिन कमी असते. तेथे मात्रा आणखी कमी ठेवावी. विषबाधेवरील उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन हाताशी असावे.

आता आम्हा बालरोगतज्ज्ञांचे काम. एकदाच दिलेला ब्लॉक काही तासांनी उतरतो, आणि सकाळी शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचा तो बहुधा रात्री, आमच्याच वॉर्डात उतरतो. म्हणून ब्लॉक चालू असतानाच पॅरासिटामॉल ठरावीक वेळेस सुरू करावे. मूल रडण्याची वाट पाहू नये. ब्लॉक कधी दिला, हे भूलतज्ज्ञांना विचारून केसपेपरवर ठळक लिहावे.

वेदना मोजण्यासाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे व समजूत पटणे यांवर आधारित ‘फ्लॅक’ ही दहा गुणांची पद्धत सोपी आहे. परंतु तीत निवांत पडलेल्या मुलास हालचालीचे शून्य गुण मिळतात, आणि माझी जुनी चूक नेमकी हीच होती. म्हणून गुण दोनदा द्यावेत : एकदा पडल्या जागी, एकदा खोकावयास किंवा फुगा फुगवावयास लावून. ज्याला खोकता येते, त्याचीच वेदना आटोक्यात आली असे समजावे.

केसपेपरवर ‘शांत आहे’ लिहिण्यापूर्वी मी आजही मुलाला एकदा खोकावयास सांगतो.