नवी वसाहत आणि आपले पाय

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी तपासणीसाठी दवाखान्यात आले होते. दोघेही चार महिने पुण्याला, वाकडच्या बाजूला मुलाकडे राहून परतले होते. काकूंना बारा वर्षांपासून मधुमेह, शिवाय गुडघेदुखी. गुरुजींना थोडा रक्तदाब. मुलाचे म्हणणे, "इथले घर विकून टाका आणि कायमचे आमच्याकडे या." हा निर्णय दोघांनी माझ्यावर ढकलला. "डॉक्टरसाहेब, तब्येतीच्या दृष्टीने कुठे राहावे ते तुम्हीच सांगा."

तपासणीचे कागद पाहिले आणि मी चक्रावलो. काकूंची उपाशीपोटीची साखर जाण्यापूर्वी १७२ होती, परतल्यावर १३८. गोळ्या त्याच. गुरुजींचा रक्तदाब मात्र १३४/८४ वरून १५२/९२ वर गेलेला. एकच घर, एकच स्वयंपाक. एकाला तिथले राहणे मानवले, दुसऱ्याला नाही. आपल्याकडे अशा वेळी "हवापाणी बदलले" म्हणून विषय संपवतात. मी जरा खोदून विचारले.

मुलाची वसाहत म्हणजे एका आवारात पंधरा-वीस उंच इमारती. खाली किराणा, भाजी, औषधाचे दुकान, गणपतीचे मंदिर, बाग. सगळे पाच-सात मिनिटांच्या पायी अंतरावर. काकू सकाळी मंदिरात जात, दहा वाजता भाजीला, संध्याकाळी नातीला घेऊन बागेत. कोणी "व्यायाम करा" म्हटले नव्हते. दिवसाकाठी तास-सव्वा तास चालणे आपोआप होत होते. सूनबाई भात मोजून वाढत असे, त्याचाही वाटा असेल. इथे धाराशिवात त्यांचे घर गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये, बाजारापासून अडीच किलोमीटरवर. दुकान नाही, मंदिर नाही, सावलीला झाड नाही. मिरची-कोथिंबिरीलाही गुरुजींची मोपेड काढावी लागते. भाजीवाला गाडा घेऊन दारात येतो. काकूंचे चालणे म्हणजे स्वयंपाकघर ते ओटा.

म्हणजे साध्या भाषेत, खेड्यात जन्मलेली बाई छोट्या शहरात बसून होती आणि पुण्यात जाऊन चालायला लागली.

पायी अंतर का महत्त्वाचे?

चालताना मांडीचे आणि पोटरीचे मोठे स्नायू काम करतात. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो आणि त्यासाठी त्याला इन्सुलिनची गरजही कमी लागते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले तरी साखरेची उसळी कमी होते, ती याच कारणाने. गुडघे झिजलेल्या माणसालाही सपाट जमिनीवरचे बेताचे चालणे त्रासापेक्षा फायदाच अधिक देते. गुडघ्याला त्रास जिन्याचा होतो.

लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना करून १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. (आमच्या एस.टी.च्या कंडक्टरला जिना नाही, पण गर्दीतून वाट काढावी लागतेच!) या कंडक्टरांनी व्यायाम म्हणून काही केले नव्हते. कामाच्या ओघात झालेली हालचालच त्यांच्या उपयोगी पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. ठरवून फिरायला जाणारे महिनाभर उत्साहाने जातात, पुढे पाऊस, पाहुणे, लग्नसराई निघते. ज्याचे दुकान पायी अंतरावर आहे त्याचे चालणे मात्र सहसा चुकत नाही.

दाट वस्ती वाईटच का?

इथे जुन्या वाचकांच्या मनात शंका येईल. दाट वस्ती म्हणजे रोगराई, हे आपण शाळेपासून ऐकले आहे, आणि ते खोटे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तो दाटीवाटीच्या, अंधाऱ्या वस्त्यांत फोफावला. त्यातूनच १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राची हवा आत यावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले गेले आणि दादर-माटुंग्याला, त्या वेळच्या शहराच्या कडेला, आखीव वसाहती झाल्या. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी त्यातल्याच. गंमत अशी की, हवा-उजेडासाठी आखलेल्या या वसाहती विरळ नव्हत्या. दोन-तीन मजली इमारती, मध्ये मोकळी जागा, रस्त्याला झाडे, आणि शाळा, बाजार, दादर स्टेशन हे सारे पायी. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडताना अनेक गरिबांना बेघर केले, ही दुसरी बाजूही सांगायला हवी.

आपल्या जिल्ह्याला तर हा धडा फार महागात मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. उमरगा-लोहारा भागात, सास्तूर परिसरात, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. अरुंद बोळांमुळे बाहेर पडणे आणि मदत पोहोचणे दोन्ही अवघड झाले. जुने गावठाण फार छान होते असे म्हणणाऱ्यांनी ही पहाट आठवावी.

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने मोठे पुनर्वसन झाले. दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी बसवण्यात आली. जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे, सरळ रेषेतले रुंद रस्ते, प्रत्येकाला मोकळा प्लॉट. घरे मजबूत झाली, उजेड आला, वारा खेळू लागला. क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या दृष्टीने हे केव्हाही चांगले. पण नवे गाव जुन्याच्या कित्येक पट पसरले. अशा गावांच्या अभ्यासकांनीही नोंदवले आहे की घरे एकमेकांपासून दुरावली आणि शेजारपण विस्कटले. त्या भागातून येणाऱ्या म्हाताऱ्या बायका मला वर्षानुवर्षे एकच सांगत आल्या: "घर चांगलंय हो, पण कुणाचं तोंड दिसत नाही." पूर्वी भिंतीला भिंत होती, हाक मारली की शेजारीण दारात. आता तिच्याकडे जायचे तर उन्हातून लांब रुंद रस्ता तुडवायचा. मग म्हातारी जात नाही. महिनोन्महिने घरात बसली की पाय आखडतात, तोल जातो, एक दिवस न्हाणीत पडते आणि खुब्याचे हाड मोडते. असे काही प्रसंग मी स्वतः पाहिले आहेत. आखणाऱ्यांनी भिंतींचा नीट विचार केला, पण सत्तरीतल्या बाईच्या पायांचा विचार कमी पडला, असे माझे मत आहे.

दुसरी बाजू

आता गुरुजींकडे वळू. अकराव्या मजल्यावरचे घर. लिफ्ट दोनदा बंद पडली तेव्हापासून त्यांनी खाली उतरायचेच कमी केले. रात्री रस्त्याचा आवाज, झोप तुटक. दिवसभर टीव्ही आणि हाताशी शेव-पापड, म्हणजे मीठ आलेच. धाराशिवात रोज सकाळी ते चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र वाचत. चार जुने विद्यार्थी भेटत, पाया पडत. तिथे माणसे हजारो, पण ओळखीचे कोणी नाही. काकूंना नातीमुळे बागेत तीन मैत्रिणी मिळाल्या, गुरुजींना एकही सोबती मिळाला नाही. रक्तदाब वाढायला अपुरी झोप, मीठ आणि बसून राहणे ही तीन कारणे पुरेशी होती; एकटेपणाने त्यात भर घातली.

दाट वसाहतीचा आणखी एक धोका डेंग्यूचा. तो पसरवणारा डास फार लांब उडत नाही, बहुधा दोन-चारशे मीटरच्या आतच फिरतो. पण दाट वस्तीत तेवढ्या अंतरात शेकडो कुटुंबे असतात, त्यामुळे एका गच्चीवरचे साचलेले पाणी साऱ्या इमारतींना भोवते. आपल्याकडे नळ काही दिवसांच्या अंतराने येतो, म्हणून पिंपे, टाक्या भरून ठेवाव्या लागतात. आपणही त्यात मागे नाही. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून घासणे आणि एरवी घट्ट झाकणे दोन्हीकडे सारखेच आवश्यक.

पुण्यातच हडपसरला मगरपट्टा सिटी आहे. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून ती उभारली. घरे, कचेऱ्या, शाळा, दवाखाना, बाग एकाच आवारात. शेतकऱ्यांनी नीट ठरवले तर पायी चालण्याजोगी वसाहत होऊ शकते, याचे हे उदाहरण. आपल्याकडे तुळजापूर, उमरगा, धाराशिव, सगळीकडे शेताचे प्लॉट पडत आहेत. ले-आउट मंजूर होताना मोकळी जागा सोडलेली असते, पण त्या जागेत वर्षानुवर्षे काँग्रेस गवत माजते आणि दुकानाच्या गाळ्याचा कोणी विचार करत नाही.

तेव्हा प्लॉट किंवा फ्लॅट पाहायला जाताना मोटारसायकल लांब उभी करा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला घेऊन किराणा, दवाखाना आणि शाळेपर्यंत चालत जा. घड्याळ लावा. पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलात आणि वाटेत सावली व टेकायला जागा मिळाली, तर जागा चांगली. एप्रिलमध्ये दुपारी चारला जाऊन पाहिलेत तर खरी परीक्षा होईल. रात्रीही एकदा जा; दिवे आहेत का, कुत्री किती, आवाज किती, ते कळते. मधुमेही व्यक्तीने अनवाणी चालू नये, रोज तळपाय तपासावेत. चालताना छातीत दाटून आल्यास थांबून डॉक्टरांकडे जावे.

गुरुजींना मी घर विकण्याचा सल्ला दिला नाही. उन्हाळ्याचे दोन महिने मुलाकडे जा, पण तिथे सकाळी काकूंबरोबर खाली उतरा; लिफ्ट बंद पडली तर उतरायला जिना आहेच, चढताना मजल्यामजल्याला थांबा, असे सांगितले. पापड बंद केले. ले-आउटमधल्या चार घरांनी मिळून मोकळ्या जागेत कडुनिंब लावावेत आणि दोन बाके टाकावीत, हेही सुचवले. गुरुजींनी वहीत लिहून घेतले, शिक्षक शेवटी.

काकू मात्र उठता उठता म्हणाल्या, "त्या भाजीवाल्याला सांगते, आता दारात येऊ नकोस, कोपऱ्यावर थांबत जा."