सुईऐवजी एमआरआय चालेल का?

मामांची किडनी मामींनी दिलेली. घर डोंबिवलीत, प्रत्यारोपण परळला झालं. क्रिएटिनिन 1.3 वरून 1.8 वर गेलं तशी डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली, आणि मामांनी भाचीला गाठलं. सायली ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट आहे.

मामा: सरळच विचारतो. नव्या किडनीवर व्रण पडलेत का, हे म्हणे एमआरआयवर दिसतं. मग पोटात सुई कशाला?

सायली: दिसतं, पण पुरतं नाही दिसत. आधी डॉक्टरांना शंका कसली आहे ते बघा. किडनीला मार बसतो. कधी शरीराच्या विरोधाचा, कधी विषाणूचा, वाढलेल्या बीपीचा, कधी औषधाचाच. मग ती स्वतःला सावरायला बघते. मार बसतच राहिला तर पेशींच्या मधल्या जागेत कोलॅजनचे तंतू साठत जातात, शेजारच्या नलिका सुकतात. तेवढा भाग निबर होतो. फायब्रोसिस म्हणतात तो हा.

मामा: औषधाचाही मार? रोज वेळेवर घेतो मी टॅक्रो!

सायली: आणि घेतलीच पाहिजे. 1965 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांच्या चमूने मृत दात्याची किडनी बसवली, तो रुग्ण फार दिवस जगला नाही. तेव्हा शरीराला आवर घालणारी चांगली औषधंच हाताशी नव्हती. टॅक्रोलिमस 1984 मध्ये जपानमधल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं आणि पुढे किडनी नाकारण्याचे सुरुवातीचे झटके बरेचसे आटोक्यात आले. पण हेच औषध रक्तात जास्त राहिलं तर वर्षानुवर्षांनी किडनीत व्रण करतं, आणि कमी पडलं तर शरीर किडनी नाकारतं. म्हणून तर सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन लेव्हल बघायची.

मामा: मला त्रास तर काहीच होत नाही गं.

सायली: होणारच नाही. काही भाग गेला तरी उरलेला जास्त राबतो आणि उणीव भरून काढतो, त्यामुळे क्रिएटिनिन बराच काळ गप्प राहतं. ते चढतं तेव्हा नुकसान बहुतेकदा जुनं असतं. एमआरआयवर एवढी मेहनत चालली आहे ती त्याआधी कळावं म्हणून.

मामा: पण बायोप्सीत नक्की कळतं ना?

सायली: शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एका पातेल्यात सारखा शिजलेला असतो. किडनीत व्रण जागोजागी, कमीजास्त पडतात. निरोगी किडनीत रक्त गाळणाऱ्या गाठी साधारण 10 लाख, आणि बायोप्सीचा तुकडा पुरेसा मानायला त्यातल्या निदान 10 गाठी आणि 2 धमन्या हव्यात. हा दंडक कॅनडातल्या बॅन्फ गावी 1991 मध्ये सुरू झालेल्या बैठकांतून आला. किडनीच्या बाहेरच्या कवचाचा 25 टक्क्यांपर्यंत भाग निबर असेल तर सौम्य, 50 पर्यंत मध्यम, पुढे तीव्र, ही प्रतवारीही त्यांचीच. आता सुई नेमकी चांगल्या भागात शिरली, तर?

मामा: तर रिपोर्ट चांगला! म्हणजे माझंच खरं, अख्खी किडनी बघायची तर एमआरआय.

सायली: तुमची अर्धी बाजू मला मान्य आहे. एक पद्धत पाण्याच्या रेणूंवर चालते. ऊतींमध्ये पाणी सतत हलत असतं. तंतू दाटले की त्याला हलायला जागा कमी पडते, आणि हे यंत्राला मोजता येतं. जिनिव्हाच्या संशोधकांनी किडनीचं बाहेरचं कवच आणि आतला गाभा यांच्या आकड्यांतला फरक बघितला. व्रण वाढले तसा तो फरक घटत गेला. दुसरी पद्धत इलॅस्टोग्राफी, 1995 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये निघालेली. पोटावर एक चकती ठेवतात, ती सेकंदाला साधारण 60 वेळा थरथरते. ती लहर निबर भागातून वेगाने जाते, मऊ भागातून हळू. टोरांटोच्या सेंट मायकेल्स रुग्णालयाने 2017 मध्ये प्रत्यारोपित किडन्यांवर हे करून बायोप्सीशी ताडून पाहिलं. मोजक्याच रुग्णांवर, पण मेळ आशादायक होता. शिवाय तुमची किडनी ओटीपोटात, कातडीच्या जवळ. श्वासाबरोबर फारशी हलत नाही, त्यामुळे चित्र स्थिर येतं.

मामा: आणि ते शिरेतलं इंजेक्शन? किडनीवाल्यांना ते चालत नाही ना?

सायली: या दोन्ही पद्धतींना ते लागतच नाही, हा मोठा फायदा. किडनी फारच मंदावलेल्या रुग्णांत त्या इंजेक्शनातल्या जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियममुळे अंगाची कातडी ताठरते, हे 2006 मध्ये उघड झालं. तेव्हापासून आम्ही फार जपून असतो.

मामा: मग अडतंय कुठे?

सायली: दोन ठिकाणी. किडनी रक्ताने भरलेली असली की ताठ लागते आणि धमनी अरुंद झाली की मऊ. म्हणजे व्रण असूनही आकडा कमी येऊ शकतो. सूज आली तर पाण्याचं हलणंही मंदावतं, आणि ती व्रणासारखी भासते. हे एक. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समजा, एमआरआयने अचूक सांगितलं की तुमच्या किडनीत बिघाड आहे. पुढे काय करणार? शरीर किडनीला नाकारत असेल तर औषधाचा जोर वाढवावा लागतो. किडनीत बीके नावाचा विषाणू असेल तर तोच जोर कमी करावा लागतो. एकाचा उपाय दुसऱ्याचा घात आहे, मामा! चित्र दोन्हीकडे सारखंच दिसू शकतं. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा धरला की फरक कळतो.

मामा: म्हणजे एमआरआय माझ्या कामाचा नाही.

सायली: आजच्या निर्णयासाठी नाही. पण माझं ठाम मत आहे की तो पुढे फार कामी येईल. कल्याण-डोंबिवलीत पाठीचे, गुडघ्यांचे एमआरआय रोज होतात. पाण्याचं हलणं मोजायची सोय बहुतेक यंत्रांत असते, कारण पक्षाघातात तीच लागते. प्रत्यारोपणानंतर किडनी स्थिरावली की एकदा स्कॅन करून ठेवला, पुढे त्याच यंत्रावर, तितकंच पाणी पिऊन पुन्हा केला, तर माणसाची तुलना त्याच्याच जुन्या आकड्याशी होईल. बदल दिसला तर क्रिएटिनिनची वाट न बघता बायोप्सी, आणि सुई कुठे घालायची तेही ठरवता येईल. ठाण्यात ज्युपिटरसारख्या रुग्णालयात प्रत्यारोपणं होतात. मृत दात्याच्या किडनीसाठी इथली यादी मुंबईच्या झेडटीसीसी या प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते. इतकी माणसं अशी किडनी घेऊन इथे राहतात, त्यांचे स्कॅन सांभाळून ठेवणारा अभ्यास इथेही व्हायला हवा. दुसऱ्या यंत्रावरचे, दुसऱ्या देशातले आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

मामा: सोमवारी सुई आहेच तर मग. खूप दुखतं?

सायली: जागा बधिर करतात, दाब जाणवतो. मूळ किडनीच्या बायोप्सीला पालथं झोपवतात, तुम्हाला उताणंच झोपायचंय. सोनोग्राफीवर बघत सुई घालतील. ॲस्पिरिन घेता ना तुम्ही? ते किती दिवस आधी थांबवायचं ते आजच फोन करून विचारा, स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. नंतर काही तास हलायचं नाही. लघवीत थोडं रक्त येऊ शकतं. रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली तर लगेच सांगायचं. रात्रभर ठेवतो म्हणाले तर राहा, आणि घरी सोडलं तर लोकलने यायचं नाही. मी गाडी घेऊन येते. मामींना सांगा, सगळ्या टॅक्रो लेव्हल आणि क्रिएटिनिनचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवा.