पाखऱ्याच्या पायावरची गाठ

रोज सकाळी खरारा करताना माझा हात पाखऱ्याच्या पुढच्या डाव्या पायावरून खाली येतो आणि गुडघ्याच्या चार बोटं खाली, नळीच्या आतल्या अंगाला थांबतो. तिथं बोराएवढी हाडाची गाठ आहे. आता ती दुखत नाही, घोडा लंगडतही नाही. नालबंद म्हणतो, ‘राहू दे की, त्याला त्याचं काय न्हाई.’ पण ती गाठ माझ्यामुळं आली आहे. ज्यांच्या दारात शिंगरू आलंय किंवा येऊ घातलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी शुक्रवार पेठेतला. घोड्याचं वेड कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शाहू महाराज स्वतः घोड्यांचा खडखडा हाकायचे, या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकत मी मोठा झालो. पन्नाशीला आल्यावर हातात चार पैसे खुळखुळायला लागले आणि २०१७ च्या मार्गशीर्षात एका यात्रेतून कुमैत रंगाचं शिंगरू घेऊन आलो. विकणारा म्हणाला, तीन वर्षांचं आहे. मी भोवरे बघितले, पाय कुठवर पांढरे ते बघितलं, दुडकी चालवून बघितली. तोंड उघडून दात मात्र बघितले नाहीत.

ते बघायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. घोड्याचे पुढचे दुधाचे दात लहान, पांढरेशुभ्र आणि मुळाशी निमुळते असतात. कायमचे दात रुंद, पिवळसर, वर उभी रेघ असलेले. मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. पाखऱ्याच्या तोंडात सगळे दात दुधाचे होते. तो पावणेदोन वर्षांचा होता. सारंगखेड्याला जा, अकलूजला जा, नाहीतर शेजारच्या गावातून घ्या. दात स्वतः बघा, ओळखीचा पशुवैद्य बरोबर न्या, ग्लँडर्सची रक्ततपासणी झालेली आहे का ते विचारा आणि घरी आणल्यावर पहिल्यांदा धनुर्वाताची लस टोचून घ्या. एवढं करून मग रंग आणि भोवरे खुशाल बघत बसा.

पौषात मी त्याच्यावर खोगीर टाकलं, माघात वर बसलो. उसळला नाही, त्यामुळं मला वाटलं जनावर शहाणं आहे. रोज पहाटे पंचगंगेच्या घाटापासून डांबरी रस्त्यानं रंकाळ्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. लोक थांबून बघायचे, ते मला आवडायचं. फाल्गुन संपता संपता त्याची चाल तुटायला लागली. वळताना डावा पाय आखडून टाकायचा. मी त्याला आळस समजलो आणि टाच मारली. या सगळ्यात मला सर्वात जास्त डाचतं ते हेच. दुखतंय हे सांगायला त्याच्याकडं चालीशिवाय दुसरी भाषा नव्हती, आणि तो बोलला की मी टाच मारत होतो.

वैशाखात मित्राच्या मुलाच्या वरातीत त्याला नेलं. मध्येच फटाक्यांची माळ लागली. तो मागच्या पायावर उभा राहिला. मी घाबरून दोन्ही हातांनी लगाम ओढला. कुणीतरी सांगितलं म्हणून काटेरी कडियाळं घातलं होतं. जितकं ओढलं तितका तो वर गेला, आणि खाली आला तो तोंडातून रक्त गाळत. माणसांना काही झालं नाही, ही देवाची कृपा. लगामाला काटे लावणं कायद्यानं गुन्हा आहे, जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांत ते स्पष्ट लिहिलंय. मला ते नंतर कळलं, पण कळायला कायदा कशाला लागावा!

दुसऱ्या दिवशी गल्लीतले तात्या आले. उभा जन्म मोतद्दारीत गेलेला माणूस. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलंच नाही. पाखऱ्याच्या खांद्यापाशी उभं राहून त्याला हात हुंगू दिला, मग ओठ वर करून दात बघितले, मग पाय चाचपला. ती गाठ तेव्हा गरम होती. मग म्हणाले, ‘मालक, ह्ये अजून प्वार हाय. तुमी त्येच्या पाठीवर पोतं लादलंय.’

त्यांच्याच सांगण्यावरून त्याला उसाच्या वजनकाट्यावर चालवत नेलं. पाखऱ्या २४० किलो भरला. मी ८४ आणि खोगीर ८. खोगीर धरून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नसावा, असा जाणकारांचा हिशेब आहे, आणि तोसुद्धा पुऱ्या वाढलेल्या घोड्यासाठी. म्हणजे ४८ किलो. मी जवळजवळ दुप्पट भार कोवळ्या हाडांवर, तेही डांबरावर, तीन महिने आपटला होता. पशुवैद्यांनी पुढं चित्र काढून दाखवलं. गुडघ्याच्या वरचं लांब हाड अडीच वर्षांच्या आसपास जुळतं, पण पाठीच्या मणक्यांना पाच-सहा वर्षं लागतात. आपण बसतो ते नेमकं सर्वात उशिरा पिकणाऱ्या जागेवर. रेसची घोडी दोन वर्षांची असताना पळतात, असं मला अजून लोक ऐकवतात. त्यांच्यावर पन्नास-पंचावन्न किलोचा जॉकी असतो आणि पायाखाली मऊ मैदान. आणि तिथंही पाय जातातच.

म्हणून शिंगराला बांधून ठेवायचं असंही नाही. हाड हलतं राहिलं तरच घट्ट होतं. धनगरांच्या वाड्याबरोबर चालणारी शिंगरं बघा. आईच्या पाठीवर संसार लादलेला असतो आणि पिल्लू मोकळं बाजूनं चालतं. ओढा, कुत्री, ट्रक, मेंढरांचा लोंढा, सगळं ते आईच्या कुशीला लागून बघतं. धनगरांच्या या भीमथडी घोड्याला आता देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. लोक त्याच्या काटकपणाचं कौतुक करतात. तो काटकपणा येतो कुठून, ते या मोकळ्या चालण्यात बघावं.

तीन महिने पाखऱ्या नुसता उभा-फिरता होता. मग तात्यांनी सुरुवात केली, तीही लगामाशिवाय. डोक्यात मऊ मोहरकी, हातात लांब दोर. दोर जरासा ताणायचा आणि थांबायचं. त्यानं एक पाऊल टाकलं, की त्याच क्षणाला ढील. श्वासभर उशीर झाला तरी तात्या माझ्या मनगटावर टिचकी मारायचे. घोडा ओढण्यानं शिकत नाही, सोडण्यानं शिकतो. आपण नेमकं कधी सोडलं, ते तो लक्षात ठेवतो. वरातीत मी कधीच सोडलं नव्हतं. पुढं कावा द्यायला लागलो, पण रोज पंधरा मिनिटांच्या आत आणि दोन्ही बाजूंनी सारखा. लहान गोलात फार फिरवलं की पुन्हा पायच जातात. बूज मोडायला डाव्या अंगानं दाखवून ओळखीचं झालेलं पोतं उजव्या अंगानं दाखवलं की तो नव्यानं बुजायचा. तिथं चिडायचं नाही, परत पहिल्यापासून सुरू करायचं.

आवाजाचं भय तर सर्वात सावकाश गेलं. आषाढात त्र्यंबोली देवीला नदीचं नवं पाणी जातं तेव्हा आमच्या बाजूला पी ढबाक वाद्यांचा आवाज घुमतो. पहिल्या वर्षी तीन गल्ल्या लांब उभं राहून त्याला हिरवा चारा खायला दिला. चारा तोंडात तसाच ठेवून तो कान टवकारायचा. चघळणं पुन्हा सुरू झालं की त्या दिवसापुरतं पुरे. दुसऱ्या वर्षी दोन गल्ल्या अलीकडं आलो.

या कामाचा उपयोग काय, ते २०१९ च्या ऑगस्टनं दाखवलं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. गोठ्यात पाणी शिरलं तेव्हा काळोख होता, वर पाऊस, माणसांचा आरडाओरडा. मी मोहरकी चढवली, पाण्यात उतरलो आणि दोर मुद्दाम ढिला ठेवला. छातीला पाणी लागेपर्यंत पाखऱ्या माझ्या खांद्याशी नाक लावून मागून आला. वर्षापूर्वीचा पाखऱ्या असता तर मी त्याला बाहेर काढू शकलो नसतो.

त्याच्यावर परत बसलो ते २०२० च्या दसऱ्याला, साडेचार वर्षांचा झाल्यावर. मीही तोवर बारा किलो उतरवले होते. पहिल्या दिवशी फक्त पाठीवर आडवा पडून उतरलो. आठवडाभरानं बसलो, दहा पावलं चाललो, उतरलो. साधं गोल कडियाळं, मऊ माती, रस्ता नाही.

आता तो वयात आलेला घोडा आहे. पहाटे धुक्यात कळंब्याच्या बाजूला मातीवर दुडकी धरतो तेव्हा अंगाखाली पाणी वाहावं तसा चालतो. वरातीला मागायला लोक येतात, मी नाही म्हणतो. फक्त लगाम चढवताना माझा हात तोंडाजवळ गेला की अजूनही तो मान एकदम उंच करतो. मी हात तिथंच धरून थांबतो. कधी मिनिट जातं, कधी पाच. मग तो स्वतः मान खाली आणतो.