गोधडीचा पाठ

पवना धरणालगत वसलेले पवनानगर आणि त्याच्या भोवतीची मावळातील गावे यांना पावसाळा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस ऊन पडत नाही, धुतलेले वस्त्र वाळत नाही, आणि रात्री उबदार पांघरुणावाचून चालत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात, शेतीची कामे थोडी हलकी असताना, जुनी लुगडी व धोतरे काढून गोधडी शिवावयास घेण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. ज्या आज्यांच्या हाती ही कला आहे त्यांपैकी कित्येकींनी शाळेचे तोंड पाहिलेले नसते. परंतु एवढ्या पांघरुणास किती लुगडी लागतील, कोणता तुकडा कोठे बसेल, विरलेला भाग कोणत्या थरात दडवावा, हे त्या वितीने मोजून बिनचूक सांगतात. इतके ज्ञान शाळेच्या कुंपणापलीकडे असताना कार्यानुभवाचा तास बाजारातून आणलेल्या रंगीत कागदांवर खर्च व्हावा, ही गोष्ट शिक्षकांनी विचार करण्याजोगी आहे.

कापडकाम अनेक शाळांतून घेतले जाते, नाही असे नाही. पण ते कसे घेतले जाते? शिक्षक घरी बसून तुकडे कापून आणतात, रेघा आखून देतात, आणि मुले त्या रेघांवरून सुई ओढतात. वस्तू देखणी होते, प्रदर्शनात मांडली जाते. कधी कधी तर प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुलांचे वाकडे टाके उसवून मोठ्या माणसाच्या हाताने पुन्हा घातले जातात. यात विद्यार्थी काय शिकला? मराठीत ‘बेतणे’ हे क्रियापद कापड मापून कापण्यासाठी वापरतात आणि मनातल्या योजनेलाही आपण ‘बेत’च म्हणतो. कापडाच्या कामातील विचार हा बेतण्यात आहे. शिवणे ही त्याच्या मागाहून येणारी क्रिया होय. कात्री शिक्षकाने स्वतःच्या हाती ठेवली की विचारही त्याच्याकडेच राहिला. मुलाच्या हाती कात्री द्यावयाची तर कापड बिघडणार, हे गृहीत धरले पाहिजे, आणि म्हणूनच या पाठास नवे कापड न घेता जुनेच घ्यावे.

या विचारास आपल्याकडे परंपरा आहे. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून व त्यानंतरच्या झाकिर हुसेन समितीच्या योजनेतून मूलोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची पद्धती पुढे आली. सूतकताई हा तीतला एक प्रमुख उद्योग होता. हाताच्या कामातून गणित, भूगोल, विज्ञान यांचे प्रश्न उपजावेत, असे त्यात अभिप्रेत होते. त्यालाच समवाय म्हणत. पुढे अनेक ठिकाणी टकळी फिरली, सूत जमले, पण प्रश्न मात्र उपजले नाहीत, आणि लोकांनी दोष टकळीला दिला. गोधडीचे तसे होऊ द्यावयाचे नसेल तर प्रश्न कोठे दडले आहेत ते शिक्षकाने आधी स्वतः शिवून पाहिले पाहिजे.

हा पाठ चौथी-पाचवीच्या वर्गास योग्य आहे. तो एका दिवसात उरकू नये. आठवड्यास एक याप्रमाणे पाच-सहा बैठका घ्याव्यात आणि मधल्या दिवसांत मुलांनी घरी हात चालवावा. कच्छमध्ये २००५ साली सुरू झालेल्या कला रक्षा विद्यालयाने पारंपरिक कारागिरांस रचनाकला शिकविताना असाच क्रम धरला होता : थोड्या दिवसांचा वर्ग, मग घरी जाऊन काम, मग पुन्हा वर्ग. प्रौढ कारागिरांस जे मानवले ते मुलांसही मानवेल.

पहिल्या बैठकीत सुई काढूच नये. जुन्या कापडाचे निरनिराळे तुकडे मुलांपुढे ठेवावेत व त्यांतील दोरे उसवून पाहावयास सांगावे. लांबीचे दोरे तो ताणा आणि आडवे दोरे तो बाणा, ही ओळख येथे आपोआप होते. नंतर चौकोनी तुकडा प्रथम उभा, मग आडवा आणि शेवटी कोपऱ्यास धरून तिरपा ओढावयास लावावा. उभा-आडवा तो फारसा ताणत नाही, तिरपा मात्र लवतो. असे का, हे शिक्षकाने सांगू नये. चार काड्या टोकांशी दोऱ्याने बांधून केलेली चौकट मुलांच्या हाती दिली की ती तिरपी दाबताच कलते, आणि उत्तर मुलेच देतात. त्याच दिवशी सुती व कृत्रिम धाग्याच्या तुकड्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाकून पाहावा. सुती लुगड्यांची जागा आता बऱ्याच घरी कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतली आहे. त्यांची गोधडी घाम टिपत नाही आणि थर एकमेकांवरून सरकतात. कोणते कापड आतल्या थरास व कोणते वरच्या बाजूस, याचा निर्णय या प्रयोगानंतर वर्गाने करावा.

दुसऱ्या बैठकीत मापे व कात्री. बारा सेंटिमीटर बाजूचे दहा चौकोन एका ओळीत जोडले तर पट्टी किती लांब होईल, असे विचारताच सारा वर्ग १२० असे सांगतो. मग पट्टी जोडून मापावी. प्रत्येक तुकड्याच्या कडेस एक सेंटिमीटर शिवणीत गेल्यामुळे नऊ जोडांत १८ सेंटिमीटर गेले आणि पट्टी १०२ भरली. शेवटच्या दोन कडा दुमडल्या की १०० उरली. वीस सेंटिमीटर कोठे गेले, हा प्रश्न फळ्यावरील दहा उदाहरणांचे काम करतो. एखाद्या गटाचे तुकडे लहान-मोठे कापले गेले तर जोडताना कडा जुळत नाहीत. त्या वेळी शिक्षकाने कात्री हाती घेण्याचा मोह आवरावा.

येथे एक नाजूक बाब आहे. प्रत्येकाने घरून कापड आणावे असे सांगितले की ज्याच्या घरी देण्यासारखे काही नाही ते मूल त्या दिवशी शाळेत येत नाही. यासाठी पवनानगरच्या बाजारातील शिंप्यांकडून कातरण मागून आणावे आणि घरून येणारे कापडही धुऊन त्याच गाठोड्यात मिसळावे. तुकडा कोणाच्या घरचा, याची चौकशी वर्गात होऊ नये.

तिसऱ्या बैठकीपासून गावातील एखाद्या आजीबाईंस सन्मानाने बोलवावे. त्यांच्यासाठी वर्गात सतरंजी अंथरावी व शिक्षकानेही मुलांबरोबर खाली बसावे. ‘आजी, हा टाका असाच का?’ असे प्रथम शिक्षकानेच विचारले म्हणजे मुलांस धीर येतो. थर पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवणे, कच्चे टाके घालून थर जखडणे, मग धावदोरा घालणे, हा क्रम त्या दाखवितील. काही घरी टाके कडेने फिरत फिरत आत मध्यापर्यंत नेतात, काही घरी सरळ ओळी घालतात. दोन आज्या दोन रीती सांगतील तर दोन्ही करून पाहाव्यात व कोठे सुरकुती पडते ते मुलांस शोधू द्यावे. सुई मुलग्यांच्याही हाती द्यावी. ‘हे बायकांचे काम’ असे कोणी म्हटल्यास गावातील शिंपी कोण आहे, एवढेच विचारावे.

गोधडी पुरी होत आली की वस्त्ररचनेकडे वळता येते. त्यासाठी चिंध्यांची बाहुली पुरेशी आहे. पॅरिस येथील माद्लेन व्हियोने या विख्यात वेशरचनाकार स्त्रीने १९२० नंतरच्या दशकात तिरप्या, म्हणजे शिंपी ज्यास उरेब म्हणतात त्या, कापाचे पोशाख नावारूपास आणले. ती आपली रचना आधी लहानशा लाकडी पुतळीवर कापड लपेटून करीत असे. आपल्या मुलांनीही वर्तमानपत्राचा कागद बाहुलीभोवती गुंडाळून, खुणा करून, मगच कापड बेतावे. एका गटाने झबले सरळ कापावे व दुसऱ्याने तिरपे. दोहोंच्या पडण्यातील फरक पहिल्या बैठकीतील ओढून पाहिलेल्या तुकड्याची आठवण करून देतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले असून ते स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवावेत असे म्हटले आहे. लहान वर्गांनी त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

मूल्यमापन करताना टाक्यांच्या सुबकपणास थोडेच गुण ठेवावेत. विद्यार्थ्याने किती कापड वाया घालविले, दुसऱ्या खेपेस किती कमी घालविले, आणि चूक कोठे झाली हे त्यास सांगता येते काय, हे पाहावे. तयार झालेली गोधडी कपाटात न ठेवता अंगणवाडीस द्यावी. मृग लागण्यापूर्वी तीस दोन दिवस कडक ऊन दाखवावे. प्रत्येक बैठकीच्या आरंभी सुया मोजून द्याव्यात व शेवटी मोजून घ्याव्यात. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत सतरंजी गुंडाळू नये.